व्हाया दाभोळ

पुण्याहून रत्नागिरीला जायचे सरळ रस्ते दोन. एक, कराड सोडून मलकापूरकडे वळायचं आणि आंबा घाटाने उतरायचं. दुसरा, पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूण गाठायचं. कुठूनही गेलं तरी अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालेला माणूस जेवणवेळेला पानावर हजर. मी यांतल्या एकाही रस्त्याने सहसा जात नाही. मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरते, माणगाव-म्हसळा करत श्रीवर्धनला समुद्र गाठते आणि तिथून शक्यतो किनारा न सोडता, तीन खाड्या बोटीने ओलांडत, वाटेत एक मुक्काम करून रत्नागिरीला पोचते. तिथे माझी नणंद राहते. निघाल्याचा फोन केला की ती विचारते, "वहिनी, भात आज लावू की उद्या?"

नवऱ्याचा या प्रकाराला तात्त्विक विरोध आहे. त्याच्या मते प्रवास म्हणजे दोन गावांमधला अडथळा, तो जितका लवकर संपेल तितका बरा. विमानाचं तिकीट काढतानाही तो 'नॉनस्टॉप'वर टिचकी मारून मोकळा होतो. मी मात्र दोन थांब्यांचं, भलत्याच गावावरून जाणारं तिकीट बराच वेळ निरखत बसते. स्वस्त असतं हे एक कारण झालं. खरं कारण हे की त्या भलत्या गावाचं नाव वाचूनच मी अर्धी निघालेली असते.

अशी माणसं बरीच आहेत. हायवे सोडून आतल्या रस्त्याने गाडी घालणारी, रेल्वे आरक्षण मिळत असताना एसटीच्या खिडकीशी उभी राहणारी, मुद्दाम दोनदा विमान बदलणारी. त्यांना हौशी, रिकामटेकडी किंवा पैसे वर आलेली म्हणायची पद्धत आहे. असेनात का. पण आडवाटेने फिरताना दर वेळी एक गोष्ट समोर येते. आपण जिला वळसा म्हणतो ती वाट कुणाची तरी रोजची, अगदी सरळ वाट असते.

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की हे आपोआप दिसतं. वाशिष्ठी नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे दापोली तालुक्यातलं दाभोळ, पलीकडे गुहागर तालुक्यातलं धोपावे. मध्ये खाडीचं पाणी, दहाएक मिनिटांचं. ही खाडी गाडीने टाळायची तर दापोलीवरून चिपळूणला जाऊन पुन्हा गुहागरकडे उतरावं लागतं, म्हणजे शंभरावर किलोमीटर. २००३ साली इथे वाहनं नेणारी फेरीबोट सुरू झाली. गावात तिला जंगलजेट्टी म्हणतात. पुण्या-मुंबईच्या गाड्यांतून उतरून आम्ही तिचे फोटो काढतो, कठड्याला टेकून वाऱ्यावर केस उडवतो. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या पायाशी मासळीची पाटी असते आणि तिला पलीकडच्या बाजाराला उशीर होत असतो. कॉलेजची मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून असतात. आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो, सिमेंटची पोती, एखादी नवऱ्या मुलाची गाडी, अंगणवाडीची ताई. या सगळ्यांचा हा शॉर्टकट आहे. सहल फक्त आमची.

गाडी बोटीवर चढवणं हा एक वेगळाच सोहळा असतो. बोटीला तोंड एकच. पुढची जाड लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर टेकते, आणि चढताना किंवा उतरताना, एकदा तरी, गाडी उलटी घ्यावी लागते. बोटीवरचा पोरगा मागे उभा राहून हाताने खुणा करतो. "येऊ द्या, येऊ द्या… डावीकडं कट मारा… सरळ घ्या… येऊ द्या… बास!" त्याचं 'बास' आणि मागच्या टेम्पोचा बंपर यांत चार बोटांचं अंतर उरतं. आरशात बघायचं नाही, फक्त त्याच्या हाताकडे बघायचं, हे एकदा पटलं की सगळं सोपं होतं. भरतीला फळी जवळजवळ सपाट टेकते. ओहोटीला उतार उभा होतो आणि बुटक्या गाड्या खालून खरवडतात. मग पुढे थांबलेल्या जीपवाल्याला गंमत वाटते. "गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा," असं सांगून पोरगा पुढच्या गाडीकडे पळतो. तिकीट फाडणारा येतो. बोट सुटते. एका बाजूला दाभोळची जुनी आदिलशाही मशीद मागे पडत जाते, पलीकडे वीज प्रकल्पाची धुराडी वर येतात. एन्रॉनच्या काळापासून साऱ्या देशाने ज्याचं नाव 'दाभोळ' म्हणून वाचलं तो प्रकल्प दाभोळात नाहीच, खाडीपलीकडे गुहागरच्या हद्दीत आहे. वर्तमानपत्र वाचून हे कळत नाही, बोटीत बसून कळतं.

आज आडबाजूला वाटणारं हे गाव एके काळी जगाच्या हमरस्त्यावर होतं. बहामनी काळात इथून अरबस्तानाकडे आणि इराणच्या आखाताकडे गलबतं सुटत. पोर्तुगीजांनी १५०८ सालच्या अखेरीस हे बंदर जाळलं, ते काही पडीक गाव म्हणून नव्हे. त्याआधी, पंधराव्या शतकात, रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकीतिन नावाचा व्यापारी इथूनच जहाजात बसून परत गेला. त्याचा प्रवास म्हणजे वळशांचा कळस. घरून व्यापाराला निघाला, व्होल्गाच्या मुखाशी लुटला गेला, कर्ज डोक्यावर घेऊन परत जाण्यापेक्षा पुढेच जावं म्हणून इराणमार्गे समुद्र ओलांडून आपल्या चौलला उतरला. बरोबर विकायला एक घोडा. चौलहून जुन्नर, जुन्नरला पावसाळाभर मुक्काम, मग बीदर, आणि शेवटी दाभोळ. व्यापारात त्याला फारसं काही मिळालं नाही, घरी पोचण्याआधीच तो वारला. पण त्याने लिहून ठेवलेली हकिकत उरली, आणि रेवदंड्याला आज त्याचं स्मारक आहे. चौल-दाभोळ हा त्याच्या काळातल्या माणसाला आडमार्ग वाटला नसता. तेव्हा मुंबई हाच आडमार्ग होता.

श्रीवर्धनहून खाली येताना पहिली खाडी लागते सावित्रीची. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून बोट सुटते आणि पलीकडे वेसवीला लागते. इथे पाण्यात अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब उभे आहेत. बोट त्यांच्या बाजूने जाते आणि प्रत्येक फेरीला कुणीतरी नवखा विचारतोच, "पूल कधी होणार?" बोटीवरचा माणूस नुसता हसतो. तिसरी खाडी शास्त्री नदीची, तवसाळहून जयगड. तिथून गणपतीपुळे, मग आरे-वारेचा तो समुद्रावर लटकल्यासारखा रस्ता आणि रत्नागिरी. आरे-वारेबद्दल मी काही लिहीत नाही. इंटरनेटवर त्याचे इतके फोटो आहेत की आता तिथे गाडी थांबवायला जागा मिळत नाही.

* * *

माझे सासरे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बोलायला बसले की ते गावांची नावं न घेता 'मार्गे' घेतात. अमुक गाव कुठे, असं विचारलं तर "ती गाडी कुडाळमार्गे की सावंतवाडीमार्गे त्यावर आहे," असं उत्तर येतं. त्यांची पक्की शिकवण अशी की पाटीवरचं शेवटचं गाव सगळेच वाचतात, शहाण्या माणसाने मधलं वाचावं.

एकदा मी त्यांच्याकडे तक्रार केली. मी बसले होते ती गाडी चांगला हमरस्ता सोडून एका फाट्यावरून आत वळली, धुळीतून तीन-चार किलोमीटर गेली, एका पाराखाली उभी राहिली. दोन म्हाताऱ्या उतरल्या, एक मुलगा दप्तर घेऊन चढला आणि गाडी आली तशी परत हमरस्त्याला लागली. वीस-पंचवीस मिनिटं गेली. मला व्यक्तिशः गंमत वाटली, पण गाडीतले बाकीचे लोक वैतागले होते. बाबा म्हणाले, "त्या पोराच्या दृष्टीनं गाडी कुठं वळली? त्याच्या दारातून निघाली आणि थेट शाळेशी थांबली. तुम्हीच वाकड्या वाटेनं आलात त्याच्याकडं." मग थोडं थांबून, "एसटी सरळ जायला लागली ना, की ती खासगी झाली असं समजायचं."

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. पुढच्या दशकांत महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक वळशाला या गाडीने तोंड दिलं. मुक्कामी गाडी हा तर त्यातला खास प्रकार. संध्याकाळी शेवटच्या गावाला जायची, चालक-वाहक तिथेच देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला. त्या गाडीने किती पोरं शिकली, किती बायका दवाखान्यात पोचल्या, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. भारमान कमी म्हणून अशा फेऱ्या बंद होतात तेव्हा हिशेब फक्त डिझेलचा असतो.

आमच्यासारख्या विनाकारण भटकणाऱ्यांसाठीही एसटीने १९८८ पासून सोय करून ठेवली आहे. 'आवडेल तेथे प्रवास' असं योजनेचं नाव, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास. एकदा पैसे भरा आणि पास संपेपर्यंत त्या पासाच्या वर्गातल्या कुठल्याही गाडीत चढा, कुठेही उतरा. सरकारी खात्याने इतकं मोकळं, इतकं बेहिशेबी नाव दुसऱ्या कुठल्या योजनेला दिलं असेल असं मला वाटत नाही. मी ओळखीच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना हे सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. युरोपातल्या रेल्वे पासची त्यांना खडान्‌खडा माहिती असते.

मराठीतलं सगळ्यात थोर वळसेदार प्रवासवर्णन एका भिक्षुकाचं आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेच्या आशेने. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दानधर्म होणार, घरचं कर्ज फिटेल, एवढा साधा हिशेब. वाटेत बंड पेटलं. भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, भलतीकडेच फिरत राहिले आणि अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आले. 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलं. ठरल्याप्रमाणे यज्ञ पार पडला असता आणि भटजी दक्षिणा घेऊन सरळ परतले असते, तर झाशीच्या आतून पाहिलेली ती हकिकत आपल्याकडे नसती. अर्थात भटजींना कुणी विचारलं असतं तर त्यांनी दक्षिणाच पसंत केली असती.

* * *

सरळ रस्ता तरी कुणी शोधला? बोरघाटात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचं छोटं देऊळ आहे. आख्यायिका अशी की घाटातून वाट काढायला आलेल्या इंग्रज इंजिनीअरांना ती कड्या-कपाऱ्यांतून नेमकी कुठून न्यावी हे उमगेना. शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांची रोजची वाट त्यांना दाखवली. बक्षीस म्हणून त्याला मरण आलं, असंही सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण ट्रकवाले अजून तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. घाटातून गाडीरस्ता झाला १८३० मध्ये, रेल्वे चढली १८६३ मध्ये, द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला २००२ मध्ये. १८३० सालचा तो जुना पूल, ज्याला अंगावरच्या जाहिरातीमुळे सगळे अमृतांजन पूल म्हणायचे, तो एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा आहे हे बघून पाडला. मग घाटही नको म्हणून बोगदे आणि उंच पुलांची 'मिसिंग लिंक' काढली, एकोणीस किलोमीटरचे सव्वातेरा करायला. दर पिढीला आधीच्या पिढीचा सरळ रस्ता वाकडा वाटतो.

समृद्धी महामार्गावर तर वळणच नाही म्हटलं तरी चालेल. नागपूर ते मुंबईजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर; शेवटचा इगतपुरीचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मी त्यावरून गेले आहे. रस्ता उत्तम आहे, वेळ वाचतो यात शंकाच नाही आणि दोन तासांनी डोळ्यांवर झापड येते. मेहकरला मी खाली उतरले, जेवले, शारंगधर बालाजीचं दर्शन घेतलं आणि लोणारला गेले. उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात पडलेलं, पावणेदोन किलोमीटरवर व्यासाचं ते विवर महामार्गापासून फार लांब नाही. शेजारून शंभर-सव्वाशेच्या वेगाने जाणाऱ्या गाड्यांपैकी किती तिकडे वळतात, हे लोणारच्या चहावाल्याला विचारा. मी विचारलं. त्याने उत्तर द्यायच्या आधी रिकाम्या बाकांकडे पाहिलं.

* * *

विमानाचंही असंच झालं. हवेत खरं तर वळणाचं कारण नाही, पण सुरुवातीचा सगळा विमानप्रवास थांबत थांबत, गावं घेत घेतच व्हायचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन उड्डाण केलं ते अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट तेच टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. ८ जून १९४८ ला एअर इंडियाची 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाली ती कैरो आणि जिनिव्हा करत. तेव्हाच्या प्रवाशाला लंडन म्हणजे वाटेतल्या कैरोसकट लंडन होतं.

मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना इंडियन एअरलाइन्सची दिल्ली-जयपूर-उदयपूर-औरंगाबाद-मुंबई ही फेरी आठवत असेल. ताजमहाल नि राजवाडे बघून वेरूळ-अजिंठ्याला उतरणाऱ्या पर्यटकांसाठी ती फार सोयीची होती. दुर्दैवाने बहुतेकांना ती आठवते २६ एप्रिल १९९३ मुळे. त्या दिवशी उड्डाण करताना विमान धावपट्टीच्या टोकाला रस्त्यावरच्या कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं आणि ५५ जण गेले. पण अपघात बाजूला ठेवला तर त्या फेरीची रचना बघण्यासारखी होती. दिल्लीहून मुंबईला निघालेल्या माणसाला ते विमान म्हणजे छळ. औरंगाबादच्या माणसाला तेच थेट मुंबई आणि थेट उदयपूर.

अशा 'हॉपिंग' विमानात बसायची मला आवड आहे. ईशान्येकडे ती अजून मिळतात. मधल्या विमानतळावर निम्मे लोक उतरतात, पुढे जाणाऱ्यांनी जागेवर बसून राहायचं. मग सफाईवाल्या बायका येतात, आणि हवाई सुंदरी वरचे कप्पे उघडून एकेका पिशवीवर हात ठेवत विचारत येते, ही कुणाची, ही कुणाची? प्रत्येकाने आपापली पिशवी सांगायची. जिला मालक नाही ती खाली. त्या पाच मिनिटांत सगळ्या विमानाला कळतं की बांबूच्या टोपलीत कोण काय घेऊन चाललं आहे, आणि गप्पा सुरू होतात. छोटं एटीआर विमान असलं तर आणखी चांगलं. पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे जमीन झाकली जात नाही, आणि विमान मोठ्या जेटइतकं उंच जातही नाही. नदीतली बेटं, शेतांचे तुकडे, पत्र्यांची छपरं दिसत राहतात. वेग कमी, आवाज भरपूर. नवरा अशा वेळी कानात बोळे घालून झोपतो.

छोट्या गावांना विमानाने जोडायची 'उडान' योजना एप्रिल २०१७ मध्ये दिल्ली-सिमला मार्गावर सुरू झाली. तीन वर्षं सरकारने तूट भरून द्यायची, पुढे मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला तेव्हा निविदांच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी अर्ध्याहून जास्त सुरूच झाले नव्हते आणि सवलतीची मुदत संपल्यावरही चालू राहिलेले मार्ग होते ५४. याची कारणं अनेक आहेत, पण एक मला उघड दिसतं. प्रत्येक गावाला मुंबई किंवा हैदराबाद थेट जोडायचा हट्ट. एका गावात विमान भरत नाही. तीन गावं माळेत ओवली तर कदाचित भरेल. एसटीने हे फार पूर्वी ओळखलं होतं.

पॅसिफिकमध्ये ही माळ अजून टिकून आहे. होनोलुलुहून निघणारं युनायटेडचं विमान माजुरो, क्वाजालीन, कोस्राए, पोनपेई, चूक अशी बेटं घेत ग्वामला जातं. बरोबर एक मेकॅनिक आणि सुटे भाग घेऊन जातात, कारण मध्ये कुठे बिघडलं तर दुरुस्त करायला दुसरं कोणी नाही. क्वाजालीनला अमेरिकी लष्कराचा तळ असल्याने परवानगीवाचून कुणाला उतरता येत नाही. जगभरचे विमानवेडे या तिकिटासाठी पैसे साठवतात. माझ्याही यादीत ते आहे. त्या बेटांवरच्या लोकांना मात्र ते आपल्या मुक्कामी गाडीसारखं. त्यातून औषधं येतात, नातवंडं येतात.

आणि लांबचा रस्ता नेहमी उशिराच पोचवतो असंही नाही, हे मी नवऱ्याला अधूनमधून ऐकवते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरचं १५,३०० झालं, पण वारा पाठीशी असल्याने उड्डाण साडेचौदा तासांत आटोपलं, आधीपेक्षा बऱ्याच कमी वेळात. याच्या उलटही होतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द आपल्याला बंद झाली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमानं अरबी समुद्रावर येऊन मग वर चढू लागली. काहींना इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरावं लागलं. इंडिगोची दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीची विमानं तर बंदच झाली, कारण एवढा फेरा त्या विमानांच्या आवाक्याबाहेरचा. असल्या वळशाचं कौतुक कुणाला वाटणार?

मराठी माणसाच्या आयुष्यातला सध्याचा मोठा वळसा आखातातून जातो. मुंबईहून अमेरिकेला मुलाकडे निघालेले आईवडील दोहा किंवा दुबईत विमान बदलतात. मी तिथल्या लाउंजमध्ये अनेकदा रेंगाळले आहे. व्हीलचेअरवर बसलेल्या आजींना विचारलं, "गुडघे दुखतात का?" तर आजी हळूच म्हणाल्या, "छे गं, रोज पर्वती चढते मी. पण ही खुर्चीवाली माणसं बरोब्बर विमानाच्या दारात नेऊन बसवतात. नाहीतर त्या पाट्या कोण वाचणार!" मांडीवर भाजणीची पिशवी. समोर दापोली-खेडकडची तरुण मुलं, खोके दोरीने बांधलेले, वर बॉलपेनने ठळक नाव-गाव. त्यांचा प्रवास इथेच संपतो. दुबई त्यांना 'ट्रान्झिट' नाही. त्यांतल्या एकाने मला विचारलं, "तुम्ही पुण्याच्या ना? मग दाभोळला आला असाल. बोटीच्या धक्क्याचा रस्ता आमच्या घरावरूनच जातो."

* * *

आता एक कबूल करायला हवं ते हे, की वळशाची हौस ज्याला परवडते त्याची आहे. वरंध घाट पावसाळ्यात बंद होतो तेव्हा मी दुसरा रस्ता धरते. भोर-महाड रोज करणाऱ्याचा धंदा बसतो. रात्री बोट बंद झाल्यावर पलीकडे बाळंतीण अडली तर गाडीला चिपळूणशिवाय मार्ग नसतो. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी या सगळ्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते व्हावेत की होऊ नयेत, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर स्पष्ट आहे. व्हावेत आणि लवकर व्हावेत. माझ्या फोटोंसाठी कुणी बाळंतिणीला शंभर किलोमीटर फिरवू नये.

फक्त पूल झाल्यावर त्यावरून काय जाणार, ते बघायला हवं. पुलावरून आमच्या गाड्या भरधाव जातील. पण पाटीवाली बाई गाडी करून जाणार नाही. आज ती तिकीट काढून बोटीत चढते. उद्या बोट तोट्यात जाऊन बंद होईल आणि पुलाच्या टोकाला एसटीचा थांबा नसेल, तर तिच्यासाठी खाडी आजच्यापेक्षा रुंद होईल. म्हणून पुलाच्या आराखड्यात बसथांबा आणि चालण्याची कडेची वाट पहिल्या दिवसापासून असावी, आणि उद्घाटनाच्या दिवशीच त्यावरून दाभोळ-गुहागर एसटी सुटावी. हे मागायला फार पैसे लागत नाहीत, कुणीतरी मागावं मात्र लागतं. दापोली आणि गुहागरच्या मंडळींनी ते आत्ताच मागून ठेवावं.

तोवर बोट आहे. या सुट्टीत कोकणात उतरणार असाल तर मोबाइलच्या नकाशात मार्गाचे पर्याय उघडा. तिथे तीन खुणा दिसतील: महामार्ग टाळा, टोल टाळा, फेरी टाळा. पहिल्या दोन चालू करा, तिसरी बंद ठेवा. निघण्याआधी शेवटच्या बोटीची वेळ फोन करून विचारा आणि जिथे जेवायला बोलावलं आहे त्यांना दुसऱ्या दिवशीचं सांगा.